पीं पीं करणारी गाडी आणि पिएर क्युरी

मित्रांनो, आपल्या बाबांच्या पिढीची गाडी फक्त हॉर्न वाजवायची, तोही कुणी दाबला तर. आताची गाडी आपणहून बोलते. दार नीट लागलं नाही, पीं. पट्टा लावला नाही, पीं पीं. दिवे चालू ठेवून उतरलात, किल्ली आत राहिली, मागे घेताना खांब जवळ आला, की झालंच सुरू. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना पट्ट्याची आठवण, वेगाची सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. म्हणून ताशी ८० किलोमीटर ओलांडले की गाडी अधूनमधून टोकते आणि १२० च्या वर गेलात तर गप्पच बसत नाही.

हा आवाज येतो कुठून? काही गाड्यांत तो स्पीकरमधून येतो, पण बऱ्याच ठिकाणी एक साधा बझर असतो. पितळेच्या पातळ चकतीवर चिकटवलेली सिरॅमिकची चकती. तिला व्होल्टेज दिलं की ती किंचित वाकते, काढलं की सरळ होते. हे सेकंदाला दोन-तीन हजार वेळा घडलं की आपल्या कानाला पीं ऐकू येतं. या गुणधर्माला पिझोइलेक्ट्रिसिटी म्हणतात. तो ज्या दोन भावांनी १८८० साली शोधला त्यांतल्या धाकट्याचं नाव पिएर क्युरी. तेव्हा त्यांचं वय होतं २१, म्हणजे आपल्या फायनल इयरच्या मुलाएवढं!

पिएर क्युरी म्हटलं की आपल्याला आठवतात मादाम क्युरी, आणि मग त्यांचे पती म्हणून हे. मलाही शाळेत तेवढंच शिकवलं होतं. पण गाडीतल्या आवाजाचं कारण शोधायला बसलो तेव्हा या माणसाचं चरित्र वाचनात आलं आणि ते इथे लिहावंसं वाटलं.

शाळेत न गेलेला मुलगा

पिएर यांचा जन्म १५ मे १८५९ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील डॉक्टर. मुलगा विचारात गढून जाणारा, एका विषयात शिरला की दुसरीकडे चटकन न वळणारा. असा मुलगा वर्गाच्या घंटेवर चालायचा नाही हे वडिलांनी ओळखलं आणि त्याला शाळेत घातलंच नाही. घरी आई-वडिलांनी शिकवलं, थोरला भाऊ झाक याने शिकवलं, पुढे गणितासाठी एक शिक्षक लाभले. रानावनात हिंडून झाडं, किडे, बेडूक ओळखायला तो तिथेच शिकला. अठराव्या वर्षी पिएर यांनी सोरबोन विद्यापीठाची पदवी घेतली. पुढे डॉक्टरेट करायला हाताशी पैसे नव्हते, म्हणून प्रयोगशाळेत साहाय्यकाची नोकरी धरली.

झाकसुद्धा तिथेच साहाय्यक होता. दोघांना स्फटिकांचं वेड. क्वार्ट्झ, टूर्मलीन, पुष्कराज, इतकंच काय पण साखरेचा स्फटिकही त्यांनी विशिष्ट दिशेने कापून दाबून पाहिला. दाबल्यावर त्याच्या समोरासमोरच्या बाजूंवर विरुद्ध विद्युतभार जमा होतो असं त्यांना दिसलं. हा शोध चुकून लागलेला नव्हता. स्फटिकाच्या रचनेत सममिती कुठे आहे आणि कुठे नाही, याचा हिशोब आधी मांडून, कुठला स्फटिक कुठल्या दिशेने दाबायचा हे त्यांनी ठरवलं होतं.

पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये, लिपमन या शास्त्रज्ञाने गणिताने दाखवलं की उलटंही घडलं पाहिजे, म्हणजे वीज दिली तर स्फटिकाचा आकार बदलला पाहिजे. भावांनी लगेच प्रयोग करून तेही सिद्ध केलं. मित्रांनो, आपल्या गाडीचं निम्मं बोलणं या दोन वाक्यांत आलं. दाबलं तर वीज, हा झाला सेन्सर. इंजिनच्या ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर असाच चालतो. वीज दिली तर हालचाल, हा झाला बझर. आणि मागच्या बंपरमधल्या त्या गोल टिकल्या दोन्ही कामं करतात. आधी ओरडतात, मग कान देऊन ऐकतात. आपल्याला ऐकू येत नाही अशा ४० किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज त्या सोडतात. भिंत एक मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दोन मीटर, म्हणजे साधारण ६ मिलिसेकंदांत प्रतिध्वनी परत येतो. तेवढ्यावरून अंतर निघतं.

बोळकंडीतली प्रयोगशाळा

पॅरिस शहराने १८८२ मध्ये भौतिकी आणि रसायनाची एक औद्योगिक शाळा काढली, आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजसारखीच. पिएर क्युरी तिथे प्रात्यक्षिकांचे प्रमुख म्हणून लागले आणि २२ वर्षं राहिले. झाक माँपेलिये या गावी शिकवायला गेला, भावाभावांची जोडी फुटली. पिएर यांना स्वतःची प्रयोगशाळा कुणी दिली नाही. जिना आणि विद्यार्थ्यांची लॅब यांच्या मधल्या बोळकंडीत ते आपले प्रयोग मांडायचे. पगार तुटपुंजा. मानसन्मानासाठी अर्ज करणं त्यांना जमायचं नाही. ज्या संशोधनावर दुसऱ्याने तीन पदव्या घेतल्या असत्या ते करूनही डॉक्टरेट घ्यायला त्यांना १८९५ साल उजाडलं. तो प्रबंध चुंबकत्वावर होता. लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सिअसला तापवलं की त्याचं चुंबकत्व जातं. त्या तापमानाला आपण आज क्युरी तापमान म्हणतो. बझरच्या सिरॅमिकलाही असं एक क्युरी तापमान असतं. ते ओलांडलं की चकती मुकी होते. म्हणून बझरला टाका मारताना सोल्डरिंग गन फार वेळ धरू नये, हे आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मित्रांना ठाऊक असेलच.

१८९४ मध्ये पिएर यांनी एक तत्त्व मांडलं. कारणांत जी सममिती असते ती परिणामांत उतरते. आणि परिणामात कुठे विषमता दिसली, तर तीच विषमता कारणांतही कुठेतरी असणारच. वाचायला हे रुक्ष वाटतं. मलाही वाटलं होतं. पण त्याचा उपयोग काय, ते आमच्या रेक्टर सरांच्या गाडीने दाखवलं.

रेक्टर सरांची गाडी

सरांची गाडी दोन तऱ्हेने बोंबलत होती. एक, चालताना मधेच पीं पीं. दोन, रिव्हर्स टाकला की मागे मोकळं मैदान असलं तरी लांबलचक एकच सूर. हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू यायचा, सर आल्याची वर्दीच म्हणा ना! सरांनी आम्हा तिघांना आणि वर्कशॉपच्या काकांना गाडी बघायला सांगितली.

पहिली पायरी म्हणजे आवाजाबरोबर डॅशबोर्डवर कुठला दिवा लागतो ते बघणं. लाल दिवा ऑइलचा किंवा इंजिन तापल्याचा असेल तर तपास वगैरे नंतर, आधी गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. पिवळा असेल तर लवकर दाखवून घ्या. दिव्याचा अर्थ कळला नाही तर गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडा. आमच्या गाडीत चालताना लागत होता तो पट्ट्याचा दिवा. पण सर तर पट्टा लावूनच बसतात.

इथे क्युरींचं तत्त्व कामाला आलं. हा आवाज रोज नव्हता, सोमवारी आणि गुरुवारी होता. परिणामात फरक आहे, म्हणजे कारणातही फरक हवा. त्या दोन दिवशी वेगळं काय? सर त्या दिवशी तपासायचे पेपर घरी नेत आणि गठ्ठा डाव्या सीटवर ठेवत. सीटखालच्या सेन्सरला तो गठ्ठा माणूस वाटत होता, आणि गठ्ठा काही पट्टा लावत नव्हता! एकाने सुचवलं, बाजारात पट्ट्याच्या खाचेत घालायची क्लिप मिळते, ती घाला की आवाज बंद. काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो विषय तिथेच संपला. गठ्ठा डिकीत गेला आणि आवाज थांबला.

दुसरा आवाज जरा चिवट निघाला. बंपरवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसला, फरक नाही. मग इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, इग्निशन चालू आणि गिअर रिव्हर्समध्ये ठेवून एकेका सेन्सरवर हलकेच बोट टेकवलं. तीन सेन्सर बोटाखाली टिकटिकत होते. उजव्या टोकाचा गप्प. सेन्सर नवीन घ्यायला हवा असं सगळ्यांना वाटलं. पण चारही सेन्सर सारखे असताना एकच गप्प, तर विषमता नक्की कुठे आहे? सेन्सरमध्ये की त्याच्या जागेत? आम्ही डाव्या आणि उजव्या टोकाचे सेन्सर आपसांत बदलले. बिघाड सेन्सरबरोबर डावीकडे गेला असता तर सेन्सर खराब. तो उजवीकडेच राहिला. म्हणजे सेन्सर निर्दोष, दोष उजव्या वायरीत. कनेक्टर उघडला तर आत पाणी शिरून पिन हिरवी पडलेली. पिन साफ केली, कोरडी केली, कनेक्टर घट्ट बसवला. चारही टिकटिकायला लागले. खर्च जवळजवळ शून्य.

ज्यांनी सूचना ऐकली नाही

१८९५ च्या जुलैमध्ये पिएर यांचं लग्न पोलंडहून शिकायला आलेल्या मारिया स्क्लोडोव्स्काशी झालं. लग्नाच्या आहेराच्या पैशांतून दोन सायकली घेतल्या आणि त्यांवरून दोघं फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत फिरली. पुढे मेरींनी युरेनियमच्या किरणांवर काम सुरू केलं तेव्हा अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह मोजायला उपकरण हवं होतं. ते भावांनी पूर्वीच करून ठेवलं होतं. क्वार्ट्झच्या पट्टीला वजन टांगायचं, तिच्यातून निघणाऱ्या भाराने किरणांचा प्रवाह तोलायचा. म्हणजे १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम सापडलं ते आपल्या बझरच्या पूर्वजाच्या मदतीने. पिएर यांनी स्फटिकांचं स्वतःचं काम बाजूला ठेवून पत्नीच्या कामाला हात लावला. गळक्या छपराच्या शेडमध्ये टनावारी खनिज उकळून १९०२ पर्यंत हाती आलं ते रेडियम क्लोराइड एक दशांश ग्रॅम. त्याचं पेटंट दोघांनी घेतलं नाही. १९०३ मध्ये बेकरेल यांच्याबरोबर नोबेल मिळालं. त्याच वर्षी देऊ केलेला सरकारी सन्मान पिएर यांनी नम्रपणे नाकारला, त्यांना हवी होती प्रयोगशाळा.

आता मला जे सर्वांत जास्त लागलं ते सांगतो. पिएर यांनी मुद्दाम स्वतःच्या दंडावर रेडियम काही तास बांधून ठेवलं. जखम झाली, ती भरायला कित्येक आठवडे लागले, आणि त्यांनी ती शास्त्रज्ञाच्या अलिप्तपणे नोंदवली. दोघांच्या बोटांची टोकं टणक झाली, सोलली. पिएर यांना अंगदुखीचे असे झटके यायचे की रात्र बसून काढावी लागे, पायांत बळ राहिलं नव्हतं. वैद्य संधिवात म्हणत. कुठल्याही यंत्राच्या बारीकशा कंपनाला कान देणारा हा माणूस, पण शरीर वाजवत असलेली घंटा त्यांनी कामाआड येऊ दिली नाही. किरणांचा धोका किती हे तेव्हा जगालाच कळलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. आपल्याला मात्र ती सबब नाही.

१९ एप्रिल १९०६, गुरुवार. पॅरिसमध्ये पाऊस पडत होता. पाँ नफ पुलाजवळ, र्‍यू दोफिन हा अरुंद, गर्दीचा रस्ता ओलांडताना समोरून दोन घोड्यांची, लष्करी सामानाने लादलेली गाडी आली. पिएर घसरून पडले. पुढची चाकं चुकली. मागचं चाक डोक्यावरून गेलं. वय अवघं ४६. घरी दोन मुली, इरेन आठ वर्षांची आणि एव्ह सव्वा वर्षाची. त्यांची सोरबोनमधली जागा मेरींनी चालवली, आणि शिकवायला सुरुवात केली ती जिथे पिएर थांबले होते तिथूनच.

अकरा वर्षांनी, पहिल्या महायुद्धात, त्यांचेच विद्यार्थी पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झ वापरून पाण्याखाली ध्वनिलहरी सोडल्या आणि प्रतिध्वनीवरून पाणबुडी शोधायची रीत काढली. आपल्या बंपरमधल्या टिकल्या त्याच घराण्यातल्या. वाहनाखाली गेलेल्या माणसाचा शोध आज वाहनामागे उभ्या असलेल्या लहान मुलाला वाचवतो, असं म्हटलं तर ते फारसं चूक ठरू नये.

ती क्लिप मात्र अजून माझ्या डोक्यातून जात नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना तसल्या क्लिपा काढून टाकायला लावल्या, यावरून त्या किती खपत होत्या ते समजा. ती बनवणारा आपल्यासारखाच कुणी तरी मेकॅनिकलवाला असणार. आवाज बंद करायला दहा सेकंद पुरतात. कारण शोधायला आमचे चौघांचे दोन रविवार गेले. पण पदवी मिळाल्यावर लोक आपल्याला पगार देतील तो या दुसऱ्या कामाचाच, असं मला वाटतं.

घरी गाडी असेल तर सुट्टीत एकदा करून पाहा. हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू करा, गिअर रिव्हर्समध्ये टाका आणि मागच्या टिकलीवर बोट टेकवा. बोटाखाली जी बारीक टिकटिक लागेल, तिचं मूळ १८८० सालच्या त्या दोन भावांच्या प्रयोगात आहे.