कै. लक्ष्मीबाई टिळक : घरगुती दयाधर्माचे एक चरित्र



दया हा शब्द आपण प्रार्थनामंदिरात, शाळेत आणि घरी इतक्या वेळा ऐकतो की, त्याचा अर्थ काय, हे विचारण्याची आपणांस गरजच वाटत नाही. थोरांच्या चरित्रांतही दयेची मोठमोठी कृत्येच बहुधा वर्णिलेली असतात. कोणी रुग्णालय बांधिले, कोणी अनाथाश्रम काढिला. ती वाचून आपणांस असे वाटू लागते की, दया करावयास पुष्कळ पैसा आणि पुष्कळ अधिकार पाहिजे; आपल्यासारख्या लहान माणसांचे ते काम नव्हे. हा समज खोटा आहे, हे दाखविण्याकरिता ज्या बाईंचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहो, त्यांच्याजवळ पैसा नव्हता, पदवी नव्हती, आणि कित्येक वर्षे तर धड अक्षरओळखही नव्हती. त्यांच्याजवळ एक चूल, एक पाण्याची घागर आणि एक घर एवढेच होते. त्या म्हणजे आपल्या नगर जिल्ह्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे त्या लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म सन १८६८ मध्ये नाशिकजवळ गोदावरीकाठी असलेल्या जलालपूर या गावी झाला. माहेरचे आडनाव गोखले व नाव मनकर्णिका. त्यांच्या जन्मापूर्वी त्या घरावर एक घोर संकट येऊन गेले होते. सन १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईचे वडील सरकारी रोषास बळी पडून फासावर गेले होते. तेव्हापासून लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर सोवळ्याओवळ्याचा विलक्षण पगडा बसला. बाजारातून आणलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यावयाचा नाही, कोणाचा स्पर्श झाला की स्नान करावयाचे, कोणाची सावली पडली की विटाळ मानावयाचा, असा त्या घरचा दंडक होता. त्या गृहस्थांस दुष्ट म्हणता येणार नाही. भयाने त्यांचे मन ग्रासले होते. परंतु घरातील एकाच्या भयाचा जाच सगळ्यांनाच सोसावा लागतो. बायकामुलांचे दिवसच्या दिवस धुण्यापुसण्यात जात. माणसाला माणसाचा विटाळ होतो, हा पाठ मनकर्णिकेने अगदी लहानपणीच घोकला.

वयाच्या अकराव्या वर्षी तिचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला आणि ती लक्ष्मी झाली. टिळक हे बुद्धीने तेजस्वी, जातिवंत कवी, अंतःकरणाने मेणाहून मऊ. परंतु वृत्तीने अत्यंत अस्थिर होते. आज एका गावी नोकरी, उद्या दुसऱ्या गावी. हाती पैसा आला तर तो दुसऱ्याची अडचण पाहताच निघून जावयाचा. पतीचा हा दानशूरपणा गावात वाखाणला जाई; परंतु सायंकाळी चुलीवर काय शिजवावे, ही विवंचना पत्नीची असे. टिळक रागीटही होते, आणि लक्ष्मीबाईही बोलावयास मागे हटणाऱ्या नव्हत्या. त्या दोघांच्या संसारात भांडणे झाली, रुसवे झाले. पुढे लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणी लिहिल्या तेव्हा यांतील एकही गोष्ट त्यांनी लपविली नाही. स्वतःच्या चुका तर त्यांनी हसत हसत सांगितल्या आहेत.

सन १८९३ च्या सुमारास आगगाडीच्या एका प्रवासात टिळकांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली आणि त्यांच्या हाती बायबल आले. ते वाचता वाचता त्यांचे मन ख्रिस्ताकडे ओढले गेले व ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही बातमी ऐकून लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. पती जिवंत असून त्या विधवेसारख्या झाल्या. पदरी लहानगा दत्तू होता. चार-पाच वर्षे त्या पतीपासून दूर, आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. कधी नाशिक, कधी पंढरपूर, कधी आणखी कोठे. या काळात त्यांना सांभाळले ते त्यांच्या हिंदू नातलगांनी, हे आपण ख्रिस्ती लोकांनी विसरू नये. दयेचा मक्ता कोणा एका समाजास दिलेला नाही. दुसऱ्याच्या दुःखात जो हात पुढे करितो तो शेजारी होय. चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांताचे तात्पर्य तरी दुसरे काय आहे?

अखेरीस लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या. मात्र त्या ख्रिस्ती होण्यास आल्या नव्हत्या. नगरास त्यांनी आपली चूल निराळी ठेविली, पाणी निराळे ठेविले, सोवळे पाळिले. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची बळजबरी केली नाही. एरवी लहानसहान गोष्टींवरून संतापणारे टिळक या एका मोठ्या गोष्टीत विलक्षण धीराने वागले, आणि त्या धीराचे फळही त्यांस मिळाले.

आता आम्ही त्या प्रसंगाकडे वळतो की, जो आमच्या मते या चरित्राचे हृदय आहे. ख्रिस्ती वस्तीत राहताना ज्यांना आपण लहानपणापासून अस्पृश्य समजलो, ती माणसे लक्ष्मीबाईंना रोज जवळून दिसू लागली. त्यांची मुले, त्यांची आजारपणे, त्यांची माया, सारे आपल्यासारखेच. एके दिवशी एकान्तात बसल्या असता त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला की, ही जात कोणी निर्माण केली, देवाने की मनुष्याने? देवाने केली असती तर पशुपक्ष्यांच्या जातींत जसा भेद डोळ्यांस दिसतो, तसा तो माणसामाणसांतही दिसला असता. तो तर कोठेच दिसत नाही. तेव्हा ही मनुष्याची करणी आहे, अशी त्यांची खात्री झाली; आणि खात्री होताच त्यांनी निश्चय केला की, यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे.

मित्रहो, हा निश्चय वाचावयास सोपा आहे. पण विचार करा. जिने बालपणी वस्तूंचासुद्धा विटाळ धुताना पाहिला, तिने दुसऱ्याच्या घागरीचे पाणी ओठांस लावावयाचे! मन पटले तरी शरीर बंड करिते, जुनी शिसारी एकदम जात नाही. तरीही लक्ष्मीबाई मागे फिरल्या नाहीत. हे त्यांनी बाप्तिस्मा घेण्यापूर्वी केले, हे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आधी त्यांनी शेजाऱ्याच्या हातचे पाणी घेतले, नंतर बाप्तिस्म्याचे पाणी. सन १९०० मध्ये राहुरी येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ते वर्ष आपल्या जिल्ह्यास अतिशय कठीण गेले. सन १८९९-१९०० चा तो छप्पन्नचा दुष्काळ. आपले मिरजगाव ज्या कर्जत तालुक्यात आहे, त्या भागास पावसाची ओढ म्हणजे काय हे कोणी शिकवावयास नको. त्या दुष्काळात अन्नावाचून गावे ओस पडली, जनावरे मेली, आणि आईबाप गमावलेली मुले रस्तोरस्ती भटकू लागली. टिळकांस अशी मुले दिसली की ती घरी आलीच म्हणून समजावे. त्यांना घरी आणण्याचे काम टिळकांचे. पण त्यांना न्हाऊमाखू घालणे, त्यांच्या डोक्यातील उवा काढणे, त्यांच्या खरजेला औषध लावणे, आणि आहे त्या पिठाच्या भाकरी सर्वांना पुरविणे हे काम घरच्या बाईचे. ज्या हातांना विटाळाचे भय शिकविले होते, तेच हात आता कोणाचीही जात न विचारता मुलांचे केस विंचरू लागले. पुढे नगरास प्लेगची साथ आली, आणि आजाऱ्याजवळ जावयास सख्खे नातलगही कचरत होते, तेव्हा रोग्यांच्या शुश्रूषेचे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले.

दुष्काळ गेला, साथ ओसरली. पण टिळकांच्या घराचे दार उघडेच राहिले. मराठी काव्याचे भूषण असलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे यांची हकीकत पुष्कळांस ठाऊक असेल. सन १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात या तरुण मुलास बालकवी ही पदवी मिळाली. टिळकांनी त्याच्यातील तेज ओळखिले व त्यास नगरास आपल्या घरी ठेवून घेतले. मुलगा हिंदू, घर ख्रिस्ती. परंतु लक्ष्मीबाईंनी त्यास आपल्या पोटच्या मुलाप्रमाणे वागविले. त्याचे रुसणे, त्याचे लहरीपण, त्याची खाण्यापिण्याची आवड, सारे त्यांनी सांभाळिले. त्याने धर्म बदलावा अशी अट त्या मायेला नव्हती, आणि त्याने तो बदललाही नाही. ता. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ आगगाडीच्या अपघातात बालकवींचा अकाली अंत झाला, तेव्हा या घराने एक पुत्रच गमाविला. पुढच्याच वर्षी, ता. ९ मे १९१९ रोजी, मुंबईस टिळकही निवर्तले.

पतीच्या मागे लक्ष्मीबाई सतरा वर्षे जगल्या. पुढे पुत्र देवदत्त यांच्याबरोबर काही काळ त्या कराचीस राहिल्या. टिळकांचे चरित्र लिहिण्याकरिता देवदत्तांस आठवणी हव्या होत्या; त्यांनी आईस त्या लिहून काढावयास सांगितले, आणि त्यांतूनच स्मृतिचित्रे हा ग्रंथ निर्माण झाला. सन १९३४ पासून त्याचे भाग प्रसिद्ध होऊ लागले. ज्या बाईंचे जोडाक्षरांशी कधी फारसे सख्य जमले नाही, त्यांचा हा ग्रंथ आज मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणला जातो, व सन १९५० मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले. टिळकांनी आरंभिलेले ख्रिस्तायन हे महाकाव्य अपुरे राहिले होते. त्यातही लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्यायांची भर घातली. ते सन १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु ते पाहावयास त्या उरल्या नव्हत्या. ता. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले होते.

हे चरित्र सांगण्याचा आमचा हेतू लक्ष्मीबाईंस देवमाणूस ठरविण्याचा नाही. त्या रागावत, हट्ट धरीत, कधी फसतही. त्यांच्या पतीची दया कित्येकदा घराबाहेर मोठी आणि घरात अपुरी होती, हेही आपण पाहिले. म्हणूनच यात आपणांकरिता बोध आहे. दया करावयास आधी निर्दोष व्हावे लागत नाही. मात्र आपल्या मनात कोणाविषयी भिंत उभी आहे, हे ओळखून ती आपल्याच हाताने पाडावी लागते. आणि ती भिंत व्याख्यानाने पडत नाही. पाण्याच्या पेल्याने, भाकरीच्या तुकड्याने, आजाऱ्याच्या उशाशी बसल्याने पडते.

येथे पालकांसही एक विनंती करावीशी वाटते. जातीचा विचार सोडल्याचे आपण ख्रिस्ती लोक अभिमानाने सांगतो. परंतु मुलामुलींची सोयरीक जुळविताना, कोणाच्या घरी जेवावयास जावे हे ठरविताना, एखाद्याच्या पूर्वजांची आठवण हलकेच कानात सांगताना ती जुनी भिंत आपल्या घरात पुन्हा उभी राहत नाही ना, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी पाहावे. मुले आपल्या प्रार्थनेपेक्षा आपले वागणे अधिक लवकर शिकतात. जलालपूरच्या त्या घरात एका बापाचे भय मुलीने उचलले. तसेच राहुरीच्या घरात एका आईचे धैर्य मुलांनी उचलले असेल.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांस दूर जावयास नको. वर्गात नवीन आलेला, कोणी जवळ न बसणारा मुलगा. डबा न आणता मधल्या सुटीत नळावर पाणी पिऊन परत येणारी मुलगी. घरी दिवसभर राबून थकलेली आई. पटांगण झाडणारे काका, ज्यांचे नावही आपणांस ठाऊक नसते. हेच आपले शेजारी. लक्ष्मीबाईंजवळ एक घागर होती. ती त्यांनी सर्वांकरिता मोकळी केली. आपल्याजवळ काय आहे, ते ज्याने त्याने आज घरी गेल्यावर पाहावे.