चित्रकार अँजेलो द फोन्सेका

नाताळ जवळ आला की आमच्या शाळेतील मुले मोठ्या उत्साहाने गव्हाणीचा देखावा मांडतात. वऱ्हाडच्या काळ्या मातीत पिकलेला कापूस पिंजून ती त्याचे बर्फ करतात आणि त्या बर्फात गोऱ्या वर्णाची व निळ्या डोळ्यांची मरिया बसवितात. वाशीमकरांनी आपल्या गावी बर्फ पडलेले कधी पाहिले नाही. तथापि यात मुलांचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. जी चित्रे त्यांच्या दृष्टीस पडली, तशीच ती काढणार. परंतु प्रभूच्या जन्माचे चित्र परक्या देशाच्याच रंगात रंगविले पाहिजे काय? या एका प्रश्नापायी ज्यांनी आपले अवघे आयुष्य वेचले, त्या एका थोर चित्रकाराचे चरित्र विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावे असे आम्ही योजिले आहे.

अँजेलो द फोन्सेका यांचा जन्म 1902 साली गोव्यातील सांत इस्तेव या बेटावर झाला. गोव्यावर त्या काळी पोर्तुगिजांचे राज्य होते आणि फोन्सेका यांचे घराणे कॅथलिक पंथाचे होते. मुलाने वैद्यकीचा अभ्यास करावयाचे ठरले व तो मुंबईस सुरूही झाला; परंतु त्यांचे मन त्यात रमेना. तो मार्ग सोडून त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश केला. तेथील शिक्षणाचा पाया पाश्चात्त्य पद्धतीचा होता. आपल्याला जे शोधावयाचे आहे ते येथे गवसणार नाही, असे वाटून त्यांनी तीही शाळा सोडली आणि थेट बंगालची वाट धरली.

बंगालमध्ये त्या वेळी काय चालले होते हे येथे सांगणे अवश्य आहे. अवनींद्रनाथ टागोर व कलकत्त्याच्या कलाशाळेचे प्रमुख हॅवेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी एक नवी चळवळ उभारली होती. विलायती तैलचित्रांचे अनुकरण सोडून भारतीय चित्रकाराने आपल्याच परंपरेकडे पाहावे, हे तिचे सूत्र होय. कागद पुनःपुन्हा पाण्याने भिजवून त्यावर पातळ रंगांचे थर चढवावयाचे, ही तिची आवडती रीत जपानी चित्रकारांच्या सहवासातून आली होती. अवनींद्रनाथांचे पट्टशिष्य नंदलाल बोस यांनी 1909 च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम यांच्या मंडळींबरोबर अजिंठ्यास मुक्काम करून तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या, व पुढे शांतिनिकेतनात त्यांनी तोच वारसा शिष्यांस दिला.

येथे वाशीमच्या वाचकांस एक गोष्ट सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. अजिंठ्याची कित्येक उत्तम लेणी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाकाटक राजा हरिषेण याच्या काळी कोरली व रंगविली गेली. सोळावे लेणे तर त्याचा मंत्री वराहदेव याने करविले, असे तेथील शिलालेख सांगतो. या हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे आपले वाशीम! ज्या कलेच्या शोधात फोन्सेका बंगालला गेले, तिचा एक झरा असा आपल्या गावातून निघालेला आहे.

अवनींद्रनाथ व नंदलाल यांच्या हाताखाली शिकून फोन्सेका 1930 नंतर गोव्यास परतले. आपल्या धर्मातील प्रसंग आपल्या देशाच्या रूपात रंगवावे, हा त्यांचा निश्चय झाला होता. त्यांची मरिया सावळी. ती लुगडे नेसते, अनवाणी चालते व आपल्याकडील आयाबहिणींप्रमाणे भुईवर बसते. हे पाहून गोव्यातील अनेक धर्मबांधव संतापले. त्यांच्या दृष्टीने पवित्र मरियेस असा वेष देणे हा तिचा अवमान होता. ज्यांच्यासाठी चित्रे काढली त्यांनीच ती अव्हेरली, याहून कलावंतास मोठे दुःख कोणते? फोन्सेका यांनी जन्मभूमी सोडली, पण कुंचला सोडला नाही.

त्यांस आश्रय मिळाला तो पुण्याच्या शिवाजीनगरातील ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात. हा संघ जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मोपदेशकांनी 1922 साली स्थापिला. विन्स्लो हे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्रकार. आश्रमात हिंदी व युरोपियन बंधू खादी नेसून, जमिनीवर बसून, एका पंक्तीस जेवीत. संघ अँग्लिकन पंथाचा, फोन्सेका कॅथलिक. आणि हे अंतर त्या काळी लहान नव्हते. तरीही आश्रमाने त्यांस जवळ केले व पुढे पुणे हेच त्यांचे गाव झाले. टिळकांनी मराठी भजनांत जे केले, तेच फोन्सेका यांनी रंगांत केले असे म्हणावयास हरकत नाही. मुंबईचे इतिहाससंशोधक जेसुइट फादर हेरास यांनीही त्यांची चित्रे घेऊन त्यांस मोठा आधार दिला.

पुढे काळ बदलला. 1947 साली मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे या तरुणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप स्थापन केला. त्यांस बंगालची शैली जुनाट व भावविवश वाटे. सूझा तर गोव्याचेच, कॅथलिक घरातले. पण त्यांचा ख्रिस्त क्षतविक्षत व उग्र. अशा रीतीने फोन्सेका यांची दोन्हीकडून उपेक्षा झाली: धर्मबांधवांस ते फार नवे वाटले, तर नव्या कलावंतांस फार जुने. त्यांनी दोहोंपैकी कोणाच्याही संतोषार्थ आपली रीत बदलली नाही. उत्तरवयात त्यांनी विवाह केला. पत्नी आयव्ही यांची मुखमुद्रा त्यांच्या पुष्कळ मरियाचित्रांत दिसते. 1967 च्या डिसेंबरात, नाताळच्याच दिवसांत, पुण्यास त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पुढे गोव्यातील झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे आला. ज्या भूमीने त्यांस दूर लोटले, तिनेच अखेर त्यांची चित्रे जतन केली.

विद्यार्थिमित्रहो, फोन्सेका यांनी काही विपरीत केले असे ज्यांस वाटते, त्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. 1566 साली ब्रॉयगल या चित्रकाराने मरिया व योसेफ बेथलेहेमास पोहोचल्याचे चित्र काढले, ते आपल्याच फ्लेमिश खेड्यात, हिमाने झाकलेल्या घरांमध्ये. इटलीच्या चित्रकारांनीही आपापल्या नगरातील स्त्रियांचे रूप मरियेस दिले. म्हणजे जे बर्फ आपण पवित्र मानून बसलो, ते कोणा एकाच्या घरच्या अंगणातले होते. त्यांनी आपले अंगण प्रभूस अर्पण केले, हे योग्यच झाले. फोन्सेका यांनी तरी निराळे काय केले?

येत्या नाताळात आमच्या मुलांनी गव्हाणीभोवती कापूस अवश्य पसरावा. मात्र तो बर्फ म्हणून नव्हे, तर कापूस म्हणूनच पसरावा. कारण आपल्या शेतकऱ्याच्या श्रमाचे ते फळ आहे, आणि बालयेशूस अर्पण करण्यास त्याहून शुभ्र असे आपल्यापाशी काय आहे?