जॉर्ज वॉशिंग्टन यांची कवळी आणि आजचे डेंटल इम्प्लांट

जॉर्ज वॉशिंग्टन लाकडी दात वापरायचे, असे तुम्ही कदाचित ऐकले असेल. ते खरे नाही. त्यांच्या कवळ्यांमध्ये लाकूड नव्हते. खरी अडचण होती कवळी तोंडात टिकवण्याची.

वॉशिंग्टन यांचा जन्म १७३२ साली व्हर्जिनियात झाला. वयाच्या २४ व्या वर्षी त्यांनी पहिला दात काढून घेतला. पुढे दातदुखी आणि सुजलेल्या हिरड्यांनी त्यांची पाठ सोडली नाही. ३० एप्रिल १७८९ रोजी अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेताना त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता.

दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांनी पाणघोड्याच्या सुळ्यापासून त्यांची कवळी घडवली. तिच्यात माणसांचे दात बसवले होते आणि उरलेल्या एका दातासाठी भोक ठेवले होते. वरचा आणि खालचा भाग स्प्रिंगने जोडलेला होता. स्प्रिंग दोन्ही भाग हिरड्यांवर दाबून धरत असे, त्यामुळे नुसते तोंड मिटून ठेवायलाही जोर लावावा लागे. १७९६ मध्ये तो शेवटचा दातही गेला. कवळीमुळे ओठ पुढे येतात, ही त्यांची तक्रार होती. दुरुस्तीसाठी कवळ्या ग्रीनवुड यांच्याकडे पाठवाव्या लागत. १४ डिसेंबर १७९९ रोजी घशाच्या आजाराने त्यांचे निधन झाले. दातांचा त्रास मात्र आयुष्यभर पुरला.

कवळी सैल का होते?

दात गेला की त्या जागेचे जबड्याचे हाड हळूहळू झिजते. आज घट्ट बसणारी कवळी म्हणूनच काही वर्षांनी हलू लागते.

इम्प्लांट कसे टिकते?

१९६५ मध्ये स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. हाड या धातूला थेट घट्ट धरते. त्याला साधारण काही महिने लागतात. वरची कॅप स्क्रूने किंवा सिमेंटने बसवतात. स्क्रू कालांतराने ढिला होऊ शकतो, पण तो पुन्हा घट्ट करता येतो. सिमेंटची कॅप काढणे अवघड असते आणि हिरडीखाली सिमेंट राहिले तर सूज येते.

तुम्ही काय कराल?

• इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतीची हिरडी आणि हाड खराब होऊ शकते. रोज ब्रश करा, फटीही स्वच्छ ठेवा.
• मधुमेह असेल तर साखर नियंत्रणात ठेवा. तंबाखू आणि सिगारेट बंद करा.
• कॅप हलली, हिरडीतून रक्त किंवा पू आला, तर दुखण्याची वाट पाहू नका.
• दुखत नसले तरी दंतवैद्य सांगतील तेव्हा तपासणीला जा.

वॉशिंग्टन यांच्याकडे हा पर्याय नव्हता. तुमच्याकडे आहे, पण तो टिकवणे बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे.