नरसीच्या चातुर्मासातले थोरले महाराज

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

संध्याकाळची आरती झाली की दत्ताच्या देवळात करुणात्रिपदी म्हणतातच. आपल्या घरातल्या लहान पोरांनाही ती तोंडपाठ असते. पण ही तीन पदं कुठं रचली गेली असं विचारलं, तर बहुतेक जण नरसोबाची वाडी म्हणतात, कोणी गरुडेश्वर म्हणतो. सांप्रदायिक चरित्रांत मात्र जे गाव येतं ते आपल्या हिंगोली जिल्ह्यातलं आहे. डोंगरकड्याहून निघालं की कळमनुरी, हिंगोली मागे टाकून पुढं कयाधूच्या काठी लागणारं नरसी, संत नामदेवांचं नरसी. सन १९०५ सालचा, म्हणजे शके १८२७ चा चातुर्मास प. प. श्री वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामींनी तिथं केला. त्या वेळी हा सगळा मुलुख निजामाच्या राज्यात होता. आपल्या गावाजवळची एवढी मोठी गोष्ट आपल्याच लोकांना ठाऊक नसावी याची खंत वाटली, म्हणून यंदाच्या दत्तजयंती अंकासाठी महाराजांचं चरित्र लिहायला घेतलं. मी काही शास्त्री नाही, चूकभूल वाचकांनी पोटात घालावी.

महाराजांचा जन्म शके १७७६, श्रावण वद्य पंचमीचा. इंग्रजी तारीख १३ ऑगस्ट १८५४. गाव माणगाव, तेव्हाच्या सावंतवाडी संस्थानातलं, आता सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ. वडील गणेशभट्ट, आई रमाबाई. गणेशभट्ट संसार सोडून गाणगापूरला बारा वर्षं दत्तसेवेत राहिले होते. तिथं दृष्टान्त झाला आणि ते घरी परतले, त्यानंतर हा मुलगा झाला असं सांगतात. नाव वासुदेव. घरात पैसा नव्हता, विद्या होती. आजोबा हरिभट्ट यांनी नातवाला जवळ बसवून पहिले पाठ दिले. आठव्या वर्षी मुंज झाली आणि पुढं तात्या उकिडवे यांच्याकडे वेदाध्ययन झालं.

त्या काळचं हे शिक्षण कसं होतं ते आजच्या आईवडिलांना समजावून सांगावं लागेल. हातात पुस्तक नाही. गुरुजी एक चरण म्हणणार, शिष्यानं तो स्वरासकट पुन्हा पुन्हा म्हणायचा. मान कुठं वर, कुठं खाली, हेही ठरलेलं. एक मात्रा चुकली की पुन्हा पहिल्यापासून. संहिता झाली की पदं, पदं झाली की क्रम. अशी वर्षंच्या वर्षं जायची. वासुदेवशास्त्री यातून तावून सुलाखून निघाले. सोबत संस्कृत काव्य, व्याकरण, ज्योतिष हेही झालं. विशीत आले तोवर पंचक्रोशीतले लोक पत्रिका दाखवायला, औषध विचारायला, मुलांना शिकायला ठेवायला त्यांच्याकडे येऊ लागले होते. विद्येचे पैसे घ्यायचे नाहीत हा नेम मात्र त्यांनी कधी मोडला नाही. नेम मोठा खरा, पण ज्या घरात चूल पेटवायची असते त्या घराला तो किती जड जातो ते संसार केलेल्यांनाच कळेल.

ती चूल सांभाळणाऱ्या बाईविषयी आपल्या चरित्रकारांनी फार थोडं लिहिलं आहे. एकविसाव्या वर्षी वासुदेवशास्त्र्यांचं लग्न झालं. पत्नी रांगणा गडाकडच्या गोडे घराण्यातली. सासरचं नाव अन्नपूर्णाबाई. नावात अन्न आणि पूर्ण दोन्ही, घरात मात्र दोन्हींची वानवा. नवरा पहाटेपासून स्नानसंध्या, जप, अध्यापन यांत. मन लागलेलं वाडीला. वाडीला गोविंदस्वामींचा सहवास लाभला, मंत्र मिळाला, आणि तेव्हापासून प्रत्येक गोष्ट देवाला विचारून करायची असं सुरू झालं.

शके १८०५, म्हणजे १८८३ च्या वैशाखात माणगावी दत्तमंदिर उभं राहिलं. दगडमातीचं साधं देऊळ, सात दिवसांत बांधलेलं. शास्त्रीबुवा स्वतः राबले, गावकरी राबले. मूर्ती कागलहून आणलेली. पुढची सात वर्षं माणगाव गजबजून गेलं. कोणी आजार घेऊन येई, कोणी घरची पीडा घेऊन येई. शास्त्रीबुवा देवापुढं बसत आणि जे सांगितलं जाई ते येणाऱ्याला सांगत. गाव मानाला चढलं होतं, थोडीफार स्वस्थता आली होती, आणि नेमकं तेव्हाच निघण्याची आज्ञा झाली. बांधलेलं देऊळ, जमलेली माणसं, सगळं जिथल्या तिथं सोडून नवराबायको १८८९ च्या सुमारास बाहेर पडले. बरोबर ना पैसा ना अडका. त्यांना एक मूल झालं, तेही मृत.

फिरत फिरत दोघं आपल्या मराठवाड्यात गंगाखेडला आले. जनाबाईचं गाव, गोदावरीचा काठ. तिथं अन्नपूर्णाबाईंना पटकीनं गाठलं. शके १८१३, वैशाख वद्य चतुर्दशीला त्या गेल्या. सोळा वर्षांचा संसार परमुलुखात नदीच्या वाळूवर संपला. शास्त्रीबुवांनी रीतसर तेरा दिवसांचं कार्य केलं आणि चौदाव्या दिवशी तिथंच गोदाकाठी संन्यास घेतला. तेव्हा त्यांना सदतिसावं वर्ष चालू होतं. पुढं उज्जैनला श्री नारायणानंद सरस्वतींकडून दंड मिळाला आणि वासुदेवशास्त्री टेंब्यांचे वासुदेवानंद सरस्वती झाले. गंगाखेडला दर्शनाला जाणाऱ्यांनी गोदाकाठी क्षणभर त्या माउलीची आठवण काढावी अशी माझी विनंती आहे. महाराजांचं नाव आपण रोज घेतो, त्यांचं नाव पुष्कळांना माहीतही नसतं.

संन्यासानंतर तेवीस चातुर्मास झाले. पहिला १८९१ चा उज्जैनला, शेवटचा १९१३ चा गरुडेश्वरला. मधली गावं वाचली तरी छाती दडपते. ब्रह्मावर्त, हरिद्वार, पेटलाद, द्वारका, तंजावर, मुक्त्याला, पवनी, हावेरी, कुरवपूर. आणि हे सगळं अंतर पायी, तेही अनवाणी. आगगाडी होती, बैलगाडी होती, पण वाहनात बसायचं नाही. पैशाला हात लावायचा नाही. जवळ दंड, कमंडलू, छाट्या आणि दत्ताची लहान मूर्ती. मोजक्या घरची भिक्षा, तीही मिळाली तर. पोटात कायमची संग्रहणी. असला आजार अंगावर घेऊन माणूस दोन दिवस एस.टी.नं फिरला तरी मेटाकुटीला येतो. महाराजांनी त्याच शरीरानं हिमालयापासून तंजावरपर्यंत देश पायाखाली घातला.

पावसाळ्याचे चार महिने संन्याशानं एका जागी राहायचं असतं. महाराजांचं शिकवणं आणि लिहिणं मुख्यतः या मुक्कामांत झालं. जिथं मुक्काम असेल तिथं पाठ, पुराण, शंकासमाधान. हाताशी ग्रंथालय नाही, लिहायला टेबल नाही. तरी द्विसाहस्री गुरुचरित्र, समश्लोकी गुरुचरित्र, दत्तपुराण हे मोठाले ग्रंथ संस्कृतात झाले. कृष्णालहरी, नर्मदालहरी झाल्या. कुमार, युवा आणि वृद्ध अशा तिघांसाठी वेगवेगळी शिक्षा लिहिली, शिवाय स्त्रियांसाठी स्त्रीशिक्षा. मराठीत दत्तमाहात्म्य आणि सप्तशती गुरुचरित्रसार. पुढं पुण्याच्या गुळवणी महाराजांनी हे सगळं वाङ्मय जमवून बारा खंडांत छापून घेतलं. गुळवणी महाराज शाळेत चित्रकला शिकवणारे मास्तर. त्यांनी हे काम हातात घेतलं नसतं तर यातलं किती आपल्यापर्यंत आलं असतं देव जाणे.

सप्तशतीची एक गंमत सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. तिच्या प्रत्येक ओवीचं तिसरं अक्षर घेऊन ओळीनं मांडत गेलं की गीतेचा पंधरावा अध्याय तयार होतो. मी कॉमर्सचा माणूस, ताळा जुळवल्याशिवाय चैन पडत नाही. पंधराव्या अध्यायात २० श्लोक. त्यातले १५ बत्तीस अक्षरी, त्यांची अक्षरं ४८०. उरलेले ५ श्लोक चव्वेचाळीस अक्षरी, त्यांची २२०. बेरीज ७००. एखाद्या अक्षराचा फरक इकडंतिकडं सोडला तर ओव्याही तेवढ्याच. ग्रंथाचं नाव सप्तशती का, ते मला त्या दिवशी उमगलं. आणि असं बांधून घेतलेलं असूनही वाचताना कुठं ओढाताण जाणवत नाही, गुरुचरित्राची कथा सरळ चाललेली असते. आमच्या आजीनं आयुष्यभर ही सप्तशती वाचली, तिला त्या तिसऱ्या अक्षराचा पत्ताही नव्हता. तिचं काही अडलं नाही.

आता नरसीकडे येऊ. चरित्रांत हकिकत अशी येते. नरसोबाच्या वाडीला पालखीच्या वेळी देवाची उत्सवमूर्ती एकाएकी खाली आली. हे मोठं अनिष्ट समजतात. पुजारी मंडळी घाबरली. आपल्या हातून सेवेत चुका झाल्या आहेत हे त्यांना आतून ठाऊक होतं. कोणाचं काय चुकलं ते उकरण्यात आता अर्थ नाही. वाडीच्या पूजेअर्चेची घडी महाराजांनीच नीट बसवून दिलेली, तेव्हा धाव घ्यायची ती त्यांच्याकडेच. महाराज नरसीला. मंडळी तिथं पोचली आणि पाय धरले.

महाराजांनी देवाला विचारलं. देव रागावलेला होता, आणि रागाचं कारण खरं होतं. इथं एखादा कर्मठ विद्वान काय म्हणाला असता? तुम्ही चुकलात, प्रायश्चित्त घ्या, एवढं सांगून मोकळा झाला असता, आणि शास्त्रानं ते बरोबरच ठरलं असतं. महाराज स्वतः आचाराला अतिशय कडक होते. आजच्या माणसाला त्यांचं सोवळं जाचक वाटेल, आणि ते होतंच कडक, उगाच झाकण्यात अर्थ नाही. पण नरसीला त्यांनी पुजाऱ्यांच्या बाजूनं देवापुढं उभं राहून क्षमा मागितली. ती मागणी म्हणजे करुणात्रिपदीची तीन पदं. नीट लक्ष देऊन म्हटली तर कळतं की म्हणणारा स्वतःला वेगळा काढत नाही. चूक त्यांची आणि मी निर्दोष, असा सूर कुठंही नाही. अपराध आमचा, आई तू, बाप तू, तूच रागावलास तर आम्ही जावं कुणाकडे, असंच सगळं गाऱ्हाणं. बँकेत मी कर्जाच्या कागदावर जामीन राहणारे पुष्कळ पाहिले. सही करताना हसत करतात, हप्ता थकला की रस्ता बदलून जातात. कर्ज थकल्यावर, वसुलीची नोटीस निघाल्यावर मागाहून आपण होऊन जामीन राहिलेला माणूस काही माझ्या पाहण्यात नाही.

आणखी एक गोष्ट मनात येते, ती माझा कयास म्हणून सांगतो. महाराजांची लेखणी संस्कृतात सहज चालायची. वाडीचे पुजारीही संस्कृत जाणणारे. तरी ही विनवणी मराठीत झाली, तीही कीर्तनात उभं राहून म्हणता येईल अशा चालीची. नरसी हे नामदेवांचं गाव, कयाधूचं पाणी, कानावर अभंग. या मातीनं त्या दशग्रंथी विद्वानाला मराठीत बोलायला लावलं असेल का? असं मला आपलं वाटतं. सहा वर्षांनी कुरवपूरच्या मुक्कामात संकटनिवारणाचं पाच श्लोकांचं घोरकष्टोद्धरण स्तोत्र झालं, ते संस्कृतात. तेही घरोघरी आहे, पण देवळात सगळ्यांच्या तोंडून एका सुरात निघते ती त्रिपदीच.

महाराजांची शिष्यशाखाही आपल्याकडे रुजली. गुजरातेतून आलेले योगानंद सरस्वती, ज्यांना लोक गांडाबुवा म्हणत, ते शेवटी गोदाकाठी गुंजला राहिले. त्यांची समाधी तिथं पाथरी भागात आहे, आपल्यापैकी पुष्कळांनी दर्शन घेतलं असेल. नारेश्वरचे रंगावधूत महाराजही याच गुरूंचे. त्यांची बावन्न ओळींची गुजराती दत्तबावनी आता आपल्या बायकाही म्हणतात. आणि अठरा अक्षरांचा जो दिगंबर नामाचा मंत्र पालखीपुढं चालतो, तो महाराजांनीच गावोगावी पोचवला.

१९१३ साली महाराज नर्मदाकाठी गरुडेश्वरला स्थिरावले. शरीर पार थकलं होतं. औषधाला नकारच. शके १८३६, आषाढ शुद्ध प्रतिपदेला, २४ जून १९१४ रोजी, त्यांनी तिथं देह ठेवला. साठावं वर्ष चालू होतं. देह नर्मदेत विसर्जित केला. सरदार सरोवराचं मोठं धरण आता त्याच नदीवर थोडं वरच्या अंगाला आहे आणि तिकडं सहलीच्या गाड्या भरभरून जातात. जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करून समाधीचं दर्शन घ्यावं. ज्यांना तेवढं लांब जमत नाही, गुडघे दुखतात, त्यांच्यासाठी नरसी आहे. सकाळी निघालं तर नामदेवांचं दर्शन घेऊन, जिथं महाराज चार महिने राहिले त्या कयाधूच्या काठी बसून त्रिपदी म्हणून, संध्याकाळच्या आरतीला डोंगरकड्यात परत येता येतं.