व्होल्टाच्या कानातला आवाज

घरातील दिव्यावर, मोबाइलच्या चार्जरवर, विजेच्या मीटरवर ‘व्होल्ट’ हा शब्द छापलेला असतो. तो रोज नजरेखालून जातो. ज्याच्या नावावरून तो आला, त्या अलेस्सांद्रो व्होल्टाने जगातली पहिली विद्युत बॅटरी बनवली, हेही शाळेत शिकवले जाते. मात्र ती बॅटरी त्याने स्वतःच्या दोन्ही कानांना जोडून पाहिली होती, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. विजेच्या साहाय्याने ऐकण्याचा तो इतिहासातील पहिला नोंदलेला अनुभव होय.

व्होल्टाचा जन्म १८ फेब्रुवारी १७४५ रोजी उत्तर इटलीतील कोमो या तलावाकाठच्या गावी झाला. घराणे खानदानी, पण पैशाची ओढग्रस्त. वयाची चार वर्षे होत आली तरी हा मुलगा बोलेना, तेव्हा तो मुका किंवा मंदबुद्धी निघणार, अशी धास्ती घरच्यांना वाटू लागली होती, असे त्याचे चरित्रकार सांगतात. वडील लवकर वारले आणि शिक्षणाची जबाबदारी काकांवर आली. त्याने वकील व्हावे, अशी घरच्यांची इच्छा होती. याला मात्र विजेने झपाटले होते.

१७७५ मध्ये त्याने ‘इलेक्ट्रोफोरस’ या, पुन्हा पुन्हा विद्युतभार देणाऱ्या उपकरणाची माहिती प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी माज्जोरे तलावाच्या दलदलीतून निघणारे बुडबुडे गोळा करून त्याने आज मिथेन म्हणून ओळखला जाणारा ज्वलनशील वायू शोधला. १७७८ मध्ये पाविया विद्यापीठात प्रायोगिक भौतिकशास्त्राचे अध्यासन त्याला मिळाले. १७९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ले पदक दिले, आणि त्याच वर्षी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्याने तेरेसा पेरेग्रिनी हिच्याशी विवाह केला.

या स्थिर आयुष्यात खळबळ माजवली ती बेडकाच्या पायांनी. बोलोन्याचा शरीरशास्त्रज्ञ लुइजी गॅल्व्हानी याने १७९१ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. मेलेल्या बेडकाच्या मज्जातंतूला आणि स्नायूला धातूने जोडले की पाय आखडतो, याचा अर्थ प्राण्याच्या शरीरातच वीज साठलेली असते, असे त्याचे म्हणणे होते. व्होल्टाला ते आधी पटले, नंतर शंका आली. दोन वेगवेगळे धातू असले की परिणाम जास्त होतो, हे त्याच्या ध्यानात आले. वीज बेडकात नसून ती दोन धातूंच्या संयोगातून येते आणि बेडकाचा पाय ती फक्त दाखवतो, असा त्याचा निष्कर्ष होता. या वादात युरोपातील विद्वानांचे दोन तट पडले. गॅल्व्हानीची अखेर मात्र करुण झाली. नव्या राजवटीशी निष्ठेची शपथ घेण्यास नकार दिल्याने त्याची नोकरी गेली आणि १७९८ च्या डिसेंबरात तो वारला.

बेडूक पूर्णपणे वगळून वीज निर्माण करता आली, तरच आपले म्हणणे सिद्ध होईल, हे व्होल्टा जाणून होता. त्याने चांदीची आणि जस्ताची चकती एकावर एक ठेवली, वर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा ठेवला, त्यावर पुन्हा तीच जोडी. अशी नाण्यांसारखी चळत रचली. चळतीच्या दोन टोकांना स्पर्श करताच धक्का बसे, आणि आश्चर्य म्हणजे तो एकदाच बसून थांबत नसे. वीज वाहतच राही. २० मार्च १८०० रोजी कोमोहून त्याने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना फ्रेंच भाषेत एक सविस्तर पत्र लिहून हा शोध कळवला.

कानाचा प्रयोग याच पत्रात आहे. विद्युतप्रवाह मोजणारी यंत्रे १८२० नंतर आली. तोवर माणसाचे शरीर हेच बऱ्याच अंशी मोजमापाचे साधन होते. व्होल्टाने जिभेला तारा लावल्या तेव्हा चव जाणवली, डोळ्यांजवळ लावल्या तेव्हा प्रकाश चमकला. नाकात लावल्या तेव्हा टोचले, पण वास काही आला नाही. मग तीस-चाळीस जोड्यांच्या चळतीला जोडलेल्या, टोके गोल केलेल्या दोन धातूच्या सळ्या त्याने दोन्ही कानांत घातल्या. प्रवाह जोडताच डोक्यात जोराचा धक्का बसला. काही क्षणांनी कानांत आवाज सुरू झाला: तडतडल्यासारखा, एखादा दाट, चिकट पदार्थ रटरट उकळत असल्यासारखा. प्रवाह चालू होता तोवर तो आवाज कमीजास्त न होता चालूच राहिला. मेंदूला बसणारा हा धक्का धोक्याचा ठरेल, असे वाटल्याने त्याने हा प्रयोग पुन्हा केला नाही.

त्या खोलीत काहीच उकळत नव्हते. हवेत कोणतीही ध्वनिलहर नव्हती, तरी त्याला ऐकू येत होते. या विसंगतीत ऐकण्याचे सारे रहस्य दडलेले आहे. हवेतील कंपने कानाच्या पडद्यावर आदळतात, तीन चिमुकली हाडे ती आत पोहोचवतात, आणि गोगलगाईच्या शंखासारख्या वेटोळ्या नळीतील केशपेशी त्यांचे विद्युतसंदेशात रूपांतर करतात. या नळीच्या तोंडाशी उंच स्वर, तर आतल्या टोकाशी खालचे स्वर उमटतात. हा क्रम मेंदूच्या श्रवणकेंद्रापर्यंत टिकून राहतो. मेंदूपर्यंत पोहोचतात ते केवळ विद्युतसंदेश. त्यांतून आवाज घडवतो तो मेंदू. व्होल्टाच्या विजेने श्रवणतंतूंना थेट चेतवले की आतल्या कानाचा एखादा भाग हलवला, हे त्या एका प्रयोगावरून ठरवता येत नाही. पण कानात शिरणारी वीज आवाज होऊन प्रकट होऊ शकते, एवढे त्याने दाखवून दिले.

नियतीचा खेळ असा, की या प्रयोगाने त्याच्या प्रतिस्पर्ध्यालाही न्याय दिला. बेडकाच्या त्या प्रयोगातील वीज धातूंची होती, हे व्होल्टाचे म्हणणे खरे ठरले. परंतु सजीवांच्या मज्जातंतूंत स्वतःची वीज असते, हे गॅल्व्हानीचे म्हणणेही पुढील शतकात सिद्ध झाले. कानातली ती रटरट दोघांच्या सत्यांना जोडणारी होती. मात्र वादाच्या भरात तिच्याकडे तसे पाहण्यास कोणाला सवड नव्हती.

व्होल्टा जिथे थांबला, तिथून पुढे गेला तो गॅल्व्हानीचाच भाचा, जियोव्हानी आल्दिनी. त्याने व्होल्टाची चळत स्वतःच्या डोक्याला लावली आणि नंतर अनेक दिवस झोप न आल्याची नोंद केली. तरीही १८०१ मध्ये बोलोन्यात विषादाने ग्रासलेल्या एका शेतकऱ्याच्या डोक्याला वीज देऊन त्याने उपचार केले. बहिऱ्यांच्या कानांना वीज लावण्याचेही वारे युरोपात शिरले, पण खात्रीचा गुण आला नाही.

व्होल्टाचे पुढचे आयुष्य मानसन्मानात गेले. १८०१ मध्ये पॅरिसमध्ये त्याने नेपोलियनसमोर प्रयोग करून दाखवले, सुवर्णपदक मिळवले. १८१० मध्ये तो काउंट झाला. १८१९ मध्ये निवृत्त होऊन तो गावाकडे परतला आणि ५ मार्च १८२७ रोजी कोमो येथे त्याचे निधन झाले. १८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत परिषदेने विद्युतदाबाच्या एककाला त्याचे नाव दिले. १८९९ मध्ये कोमोतील प्रदर्शनाला लागलेल्या आगीत त्याची बरीच मूळ उपकरणे जळाली.

कानाच्या प्रयोगाला फळ यायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. १९५७ मध्ये पॅरिसमध्ये आंद्रे जूर्नो आणि शार्ल एरिएस यांनी एका पूर्ण बहिऱ्या रुग्णाच्या श्रवणतंतूला विद्युत-अग्र जोडले आणि त्याला आवाजाची जाणीव झाली. आजचे कॉक्लियर इम्प्लांट त्याच वाटेवरचे आहे. शस्त्रक्रिया न करता, डोक्याच्या त्वचेवरून सौम्य प्रवाह देण्याचे तंत्रही पुन्हा पुढे आले. २००० मध्ये जर्मनीतील ग्योटिंगेन येथे मिखाएल निट्शे आणि वाल्टर पाउलस यांनी दाखवले, की एक मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह मेंदूपेशींची उत्तेजनशीलता बदलतो आणि हा परिणाम प्रवाह बंद केल्यावरही काही मिनिटे टिकतो. इतका क्षीण प्रवाह पेशींना पेटवत नाही, फक्त त्यांचा कल बदलतो. कानशिलाजवळच्या श्रवणकेंद्रावर तो देऊन स्वरांतील फरक ओळखण्याची क्षमता बदलते का, कानात सतत गुणगुणणारा नाद शमतो का, याचा शोध सुरू आहे. निष्कर्ष अजून संमिश्र आहेत.

या प्रयोगांत अनेकदा मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज डोक्यावर बांधतात आणि प्रवाह बॅटरीतूनच येतो. व्होल्टाची सामग्री याहून फार वेगळी नव्हती. आज प्रवाह मोजून दिला जातो आणि त्याची मर्यादा आधी ठरवलेली असते. व्होल्टाजवळ मोजण्याचे साधन नव्हते. म्हणूनच कानात तो आवाज घुमताच सळ्या काढून ठेवण्याचा त्याचा निर्णय त्या आवाजाच्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो.