सहा मिशेलिन स्टार पहिल्यांदा कुणी मिळवले? जग विसरलेल्या युजेनी ब्राझिए यांची गोष्ट

१९९८ साली एक बातमी बरीच गाजली. आलँ द्युकास या फ्रेंच शेफच्या मोनॅको आणि पॅरिसमधल्या दोन रेस्टॉरंट्सना एकाच वेळी प्रत्येकी तीन, म्हणजे एकूण सहा मिशेलिन स्टार मिळाले होते. असा मान मिळवणारे ते पहिलेच शेफ, असं तेव्हा अनेक ठिकाणी छापून आलं.

ती माहिती चुकीची होती. हा विक्रम ६५ वर्षांपूर्वीच, १९३३ मध्ये, फ्रान्सच्या लिऑन शहरातल्या एका बाईने करून ठेवला होता. त्या कुठल्याही पाककलेच्या शाळेत गेल्या नव्हत्या. साधी शाळाही त्यांच्या वाट्याला जेमतेम आली होती. त्यांचं नाव युजेनी ब्राझिए. लिऑनमध्ये मात्र सगळे त्यांना मेर ब्राझिए, म्हणजे ब्राझिए आई, असंच म्हणायचे.

आज फाइन डायनिंग म्हटलं की मंद दिवे, मोठ्या ताटलीत मधोमध छोटासा पदार्थ आणि बिल बघून बसणारा धक्का, एवढंच डोळ्यांपुढे येतं. पण या जगातला सगळ्यात मोठा पुरस्कार सुरुवातीला कुणाला मिळाला होता, हे कळलं की हे चित्र बरंच बदलतं.

पाचव्या वर्षी डुकरं राखायला

युजेनी यांचा जन्म १२ जून १८९५ चा. लिऑनच्या ईशान्येला बूर्ग-आँ-ब्रेस नावाचं गाव आहे, त्याच्या जवळच्या एका खेड्यातला. हा सगळा भाग कोंबड्यांसाठी प्रसिद्ध. पांढरी पिसं, लाल तुरा आणि निळसर पाय असलेली ब्रेसची कोंबडी फ्रान्समध्ये आजही सगळ्यात उत्तम मानली जाते. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे याच कोंबडीने त्यांना नाव मिळवून दिलं.

घर शेतकऱ्याचं. वयाच्या पाचव्या वर्षी लहानग्या युजेनीकडे डुकरं राखायचं काम आलं. शाळा फक्त हिवाळ्यात, तीही शेतात काम नसेल तेव्हा. ती दहा वर्षांची असताना आई गेली. मग दुसऱ्यांच्या शेतांवर राबणं सुरू झालं. जेवण आणि राहायची सोय, हाच बहुतेक मोबदला.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं, त्याच वर्षी युजेनी यांना मुलगा झाला. लग्न झालेलं नव्हतं. वडिलांनी त्यांना घराबाहेर काढलं. त्या काळच्या खेड्यात अशा मुलीला परतीची वाट नसायची. मुलाचं नाव गास्तों ठेवलं, त्याला सांभाळायला एका दाईकडे दिलं आणि एकोणीस-वीस वर्षांच्या युजेनी लिऑनला येऊन एका श्रीमंत घरी मोलकरीण म्हणून कामाला लागल्या. हे कुटुंब शेवया-पास्ता बनवण्याच्या धंद्यातलं होतं. तिथे हळूहळू स्वयंपाकाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पुस्तकं वाचून शिकणं शक्यच नव्हतं. कुणाला तरी विचारायचं, करून बघायचं, चुकलं तर पुन्हा करायचं.

लिऑनच्या आया कोण होत्या?

लिऑन हे रेशमाचं शहर. तिथले श्रीमंत व्यापारी घरी स्वयंपाकिणी ठेवायचे. पुढे अनेक कारणांनी या नोकऱ्या गेल्या, तेव्हा त्यातल्या काही बायकांनी स्वतःच्या छोट्या खानावळी काढल्या. मोजकेच पदार्थ, पण ते असे की खाणाऱ्याने पुन्हा यावं. या बायकांना शहरात मेर म्हणजे आई म्हणायची पद्धत पडली. लिऑनला फ्रान्सची खाद्यराजधानी म्हणतात, त्याचं मोठं श्रेय या बायकांना जातं.

त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव फ्रान्स्वाज फियू, म्हणजेच मेर फियू. युजेनी यांना त्यांच्याकडे काम मिळालं. फियू यांचा हातखंडा पदार्थ होता पुलार्ड दमी-दय. शब्दशः अर्थ, अर्ध्या सुतकातली कोंबडी. नाव ऐकून दचकू नका. ब्रेसच्या कोंबडीच्या कातडीखाली काळ्या ट्रफलच्या पातळ चकत्या सरकवायच्या आणि ती भाज्यांच्या रस्श्यात मंद आचेवर शिजवायची. ट्रफल ही जमिनीखाली वाढणारी, भूछत्राच्या जातीतली अतिशय महाग वस्तू. पांढऱ्या कातडीतून काळ्या चकत्या दिसतात, जणू सुतकात अर्धे काळे कपडे घातलेत. म्हणून हे नाव.

सांगतात, की युजेनी यांच्या हातची ही कोंबडी मालकिणीपेक्षा सरस होते, अशी कुजबुज सुरू झाली आणि फियूबाईंना ते रुचलं नाही. कारण काही असो, युजेनी तिथून बाहेर पडल्या आणि काही काळ शहरातल्या दुसऱ्या एका रेस्टॉरंटमध्ये काम करू लागल्या.

१५ माणसांची जागा

१९२१ मध्ये, वयाच्या सव्वीसाव्या वर्षाच्या आत, त्यांनी १२, र्यू र्वायाल या पत्त्यावरचं एक किराणा दुकान १२ हजार फ्रँकना घेतलं आणि तिथे स्वतःचं रेस्टॉरंट काढलं. बसायला जागा १५ जणांची. पहिल्या दिवशीच्या जेवणात मेयोनेजबरोबर क्रेफिश आणि मटार घालून केलेलं कबुतर होतं.

पुढची काही वर्षं भराभर गेली. जागा वाढली, गिऱ्हाईक वाढलं. लिऑनचे महापौर एदुआर एरियो, जे तीन वेळा फ्रान्सचे पंतप्रधानही झाले, नेहमी इथे जेवायला यायचे. शहराचं नाव मोठं करण्यात आपल्यापेक्षा या बाईंचा वाटा जास्त आहे, असं ते म्हणत असल्याचं सांगितलं जातं. राजकारणी माणसाने एवढं कबूल करणं म्हणजे विशेषच.

मेन्यू मात्र जवळपास बदलत नव्हता. आर्टिचोकच्या गाभ्यावर फ्वा ग्रा, माशाचं वाटण करून केलेल्या लांबट वळकट्या, लॉबस्टर आणि ती काळ्या चकत्यांची कोंबडी. आज दर हंगामाला मेन्यू बदलणं हे मोठ्या रेस्टॉरंटचं लक्षण समजलं जातं. ब्राझिए यांचा भर उलट्या गोष्टीवर होता. तोच पदार्थ, रोज, तितकाच चांगला.

मी शिकलो इंजिनीअरिंग, म्हणून असेल कदाचित, पण त्यांच्याबद्दल वाचताना मला पदार्थांपेक्षा त्यांची शिस्त जास्त भारी वाटली. स्वयंपाकघरातली फ्रीजं रोज रिकामी करून घासली जायची. ताटलीचा कोपरा जरासा जरी उडाला, तरी त्या ती तिथेच फोडून टाकायच्या, म्हणजे चुकूनसुद्धा कुणी ती गिऱ्हाइकापुढे ठेवणार नाही. कोंबड्या पुरवणारा वैतागून गमतीने म्हणायचा, की या बाई एक दिवस कोंबड्यांची नखंही रंगवून मागतील. कारखान्यात याला क्वालिटी कंट्रोल म्हणतात आणि त्यासाठी वेगळं खातं असतं. इथे ते खातं म्हणजे पहाटे उठून रात्री सगळ्यांच्या शेवटी झोपणारी एक बाई होती. आवाज खणखणीत आणि रागही तसाच. त्यांच्या हाताखाली काम करणं सोपं नव्हतं, हे त्यांच्यावर प्रेम करणारेही सांगतात.

डोंगरावरची लाकडी झोपडी

या कामाने शरीर थकलं. विश्रांतीसाठी त्या लिऑनच्या पश्चिमेला कोल द ला ल्युएर नावाच्या खिंडीत गेल्या. तिथे त्यांनी एक लाकडी घर घेतलं. वीज नाही, गॅस नाही. शहरातलं रेस्टॉरंट मुलगा गास्तों बघू लागला. पण विश्रांती कसली? जुनी गिऱ्हाइकं गाड्या काढून डोंगरावर यायला लागली आणि बघता बघता तिथे दुसरं रेस्टॉरंट उभं राहिलं.

गाड्या काढून, हे शब्द महत्त्वाचे आहेत. कारण इथेच मिशेलिनचा संबंध येतो.

टायरवाले स्टार का देतात?

मिशेलिन ही टायर बनवणारी फ्रेंच कंपनी. १९०० साली फ्रान्समध्ये जेमतेम तीनेक हजार मोटारी होत्या. लोकांनी गाड्या जास्त चालवल्या तर टायर झिजतील आणि नवे खपतील, असा साधा हिशेब करून कंपनीने वाहनचालकांसाठी एक मार्गदर्शिका काढली. त्यात गॅरेज, हॉटेलं, रस्ते यांची माहिती असायची. १९२६ पासून चांगल्या जेवणासाठी स्टार द्यायला सुरुवात झाली आणि १९३१ मध्ये एक, दोन, तीन अशी उतरंड ठरली. एक स्टार म्हणजे उत्तम स्वयंपाक. दोन म्हणजे वाट वाकडी करून जावं असा. तीन म्हणजे खास त्यासाठीच प्रवास करावा असा.

स्टार रेस्टॉरंटला मिळतो, शेफला नाही. नाव न सांगता येणारे निरीक्षक जेवतात, बिल भरतात आणि निघून जातात. आज ते कच्च्या मालाचा दर्जा, तंत्रावरची हुकूमत, चवींचा मेळ, शेफची स्वतःची छाप आणि सातत्य या पाच गोष्टी बघतात. झुंबरं आणि टेबलावरचे कापड यांना त्यात गुण नाहीत. सातत्य हा शब्द वाचला की त्या फोडलेल्या ताटल्या आठवतात.

१९३३ मध्ये मिशेलिनने तीन स्टारची यादी जाहीर केली, तेव्हा त्यात र्यू र्वायालवरचं रेस्टॉरंटही होतं आणि डोंगरावरचंही. दोन्ही युजेनी ब्राझिए यांची. एकाच व्यक्तीकडे सहा स्टार. त्याच वर्षी प्रिए गावच्या मारी बूर्जुआ यांनाही तीन स्टार मिळाले. म्हणजे तीन स्टार मिळवणाऱ्या पहिल्या शेफमध्ये दोन स्त्रिया होत्या.

(आपल्याकडचं म्हणाल, तर मिशेलिनची भारतासाठी आवृत्तीच निघालेली नाही. त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या एखाद्या रेस्टॉरंटला स्टार नाही म्हणून ते कमी दर्जाचं, असा निष्कर्ष काढू नका.)

युद्ध, दंड आणि नाकारलेला सन्मान

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सवर जर्मनांचा ताबा आला. अन्नधान्यावर रेशनिंग आलं. ब्राझिए दर्जा खाली आणायला तयार नव्हत्या आणि नियमाबाहेर माल घेतल्याबद्दल त्यांना जबर दंड झाले, काही दिवस तुरुंगातही काढावे लागले. लोक उपाशी असताना महागडं रेस्टॉरंट नियम मोडून माल घेतं, याकडे कौतुकानेच बघावं असं मला वाटत नाही. पण त्यांच्या हट्टाची जात यातून कळते.

१९४६ मध्ये एक वीस वर्षांचा पोरगा सायकलवरून डोंगर चढून काम मागायला आला. त्याला गायींचं दूध काढणं, बागेत खणणं, कपडे धुणं-इस्त्री करणं आणि उरलेल्या वेळात स्वयंपाक, अशी कामं मिळाली. त्याचं नाव पॉल बोक्यूज. पुढे विसाव्या शतकातला सर्वांत प्रसिद्ध फ्रेंच शेफ म्हणून तो ओळखला गेला. पॅरिसमध्ये तीन स्टार मिळवणारे बेर्नार पाको हेही याच स्वयंपाकघरात तयार झाले.

युद्धानंतर शहरातलं रेस्टॉरंट त्यांनी गास्तोंकडे सोपवलं आणि स्वतः डोंगरावर राहिल्या. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलचं बोलावणं त्यांनी नाकारलं. फ्रान्सचा सर्वोच्च सन्मान, लीजन ऑफ ऑनर, तोही नाकारला. असा सन्मान चांगला स्वयंपाक करण्यापेक्षा मोठ्या कामासाठी असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. १९६८ मध्ये त्या निवृत्त झाल्या. १९७४ मध्ये गास्तों गेला आणि २ मार्च १९७७ ला त्याही गेल्या. त्यांचं पाककृतींचं पुस्तक आलं ते त्यांच्या मागे.

मग विसर का पडला?

एक कारण त्या स्वतः. आपल्या नावाचा बोलबाला करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. दुसरं कारण जास्त बोचणारं आहे. १९७०च्या दशकापासून शेफ टीव्हीवर आणि मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकू लागले, त्यात जवळजवळ सगळे पुरुष होते. गुरू म्हणून बोक्यूज त्यांचं नाव घ्यायचे, पण गोष्ट बोक्यूज यांची असायची. बायका घरचा स्वयंपाक करतात आणि पुरुष पाककला करतात, ही वाटणी इतकी मुरली होती, की १९९८ च्या बातमीत जुनी यादी उघडून बघायचं अनेकांना सुचलंच नाही. डेस्कवर काम करणारा म्हणून सांगतो, ‘पहिलाच’ हा शब्द टाइप करायला फार सोपा असतो.

२००७ मध्ये ॲन-सोफी पिक यांच्या रेस्टॉरंटला तीन स्टार मिळाले, तेव्हा फ्रान्समध्ये एका स्त्रीला हा मान अनेक दशकांनी मिळत होता. १२ जून २०१८ ला गुगलने ब्राझिए यांच्या १२३ व्या जयंतीचं डूडल केलं आणि अनेकांनी हे नाव पहिल्यांदा सर्च केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईत वाढलेल्या गरिमा अरोरा यांच्या बँकॉकमधल्या ‘गा’ला स्टार मिळाला. भारतीय महिला शेफला मिळालेला तो पहिला मिशेलिन स्टार. (हे ‘पहिला’ तपासून लिहिलंय.)

१२, र्यू र्वायालचं रेस्टॉरंट गास्तोंनंतर त्यांची मुलगी जाकोत यांनी बरीच वर्षं चालवलं. २००८ मध्ये शेफ मात्यू व्हियाने यांनी ते घेतलं आणि पुढच्याच वर्षी त्याला दोन स्टार मिळाले. दारावर नाव अजूनही ला मेर ब्राझिए असंच आहे आणि ब्रेसची ती अर्ध्या सुतकातली कोंबडी तिथे आजही शिजते.