रिद्धपूरचे म्हाइंभट : आठवणी जपणारा माणूस

अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात रिद्धपूर हे गाव आहे. २०२४ मध्ये येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आणि गावाचे नाव सर्वांच्या तोंडी आले. पण हे विद्यापीठ याच गावात का, असे आम्ही तरुणांना विचारतो तेव्हा फार थोड्यांना म्हाइंभटांचे नाव सांगता येते.

म्हाइंभट तेराव्या शतकातले. सराळ्याचे श्रीमंत आणि विद्वान ब्राह्मण. विद्येचा गर्व होता, म्हणून ते चक्रधर स्वामींशी वाद घालायला गेले आणि पुढे महानुभाव पंथाचेच झाले. चक्रधरांनी स्त्रिया आणि शूद्र यांना धर्माचा अधिकार दिला होता आणि ते लोकांच्या मराठीत बोलत होते.

चक्रधर निघून गेल्यावर त्यांचे शिष्य रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या आश्रयाला आले. नागदेवाचार्य चक्रधरांच्या आठवणींत बुडालेले असत. या आठवणी माणसांबरोबर संपून जातील, हे म्हाइंभटांच्या लक्षात आले. त्यांनी नागदेवाचार्यांकडून ऐकून घ्यायला सुरुवात केली. मग ज्याच्यासमोर जे घडले, त्याच्याकडे जाऊन विचारले. सांगणाऱ्यांत बायकाही होत्या. रिद्धपूरच्या वाजेश्वरी मंदिरात हे लेखन झाले, असे मानले जाते. यातूनच ‘लीळाचरित्र’ हा मराठीतला आद्य गद्य ग्रंथ साधारण १२७८ च्या सुमारास उभा राहिला. संस्कृत येत असूनही म्हाइंभटांनी तो मराठीत लिहिला. त्यामुळे त्या काळचे खाणेपिणे, वस्त्रे, खेळ, व्यवसाय आणि साध्या माणसांचे बोलणे आजही आपल्याला कळते.

पुढे त्यांनी गोविंदप्रभूंचे चरित्रही लिहिले. गोविंदप्रभू अस्पृश्यांच्या घरी जात. मातंगांना पाणी नव्हते, तेव्हा त्यांनी विहिरीची जागा दाखवली, ही आठवणही म्हाइंभटांनी गाळली नाही. सातशे वर्षांपूर्वी वऱ्हाडात पाण्यावाचून कोण राहत होते, याची ती लेखी साक्ष आहे.

परंपरा सांगते की मूळ पोथी स्वाऱ्यांच्या धामधुमीत गेली आणि हिराइसा या बाईच्या पाठांतरातून ग्रंथ पुन्हा लिहिला गेला. नंतर पंथाने आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत ठेवल्या. पोथ्या टिकल्या, पण विसाव्या शतकापर्यंत बाहेरच्या समाजाला वाचता आल्या नाहीत. जपणे आणि बंद करून ठेवणे यात फरक आहे, हेही यातून शिकावे.

म्हाइंभट आपल्या परंपरेचे नाहीत आणि त्यांना ओढून आपले करण्याची गरजही नाही. पण त्यांचे काम आपल्याला परके नाही. बुद्धांनीही लोकांच्या बोलीत धम्म सांगितला आणि पहिल्या संगीतीत आनंदांच्या स्मरणातूनच तो पुढच्या पिढ्यांकडे आला.

आम्ही वस्त्यांमध्ये काम करतो. एका आजींना जात्यावरच्या भीमाच्या ओव्या पाठ होत्या. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवण्याची त्यांची खास रीत होती. पुढच्या महिन्यात जाऊ, असे म्हणत आम्ही वर्ष घालवले. गेलो तेव्हा घरात त्यांचा फोटो लावलेला होता. वाकळ घडी करून ठेवलेली होती, पण ती कशी शिवली हे घरात कोणाला सांगता आले नाही. चूक आमचीच होती.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला गेलेली माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. जलशात गाणारे, दोर वळणारे, वाजंत्री वाजवणारे हात थकले आहेत. म्हाइंभटांकडे लेखणी होती, आपल्या प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. या रविवारी आपल्या वस्तीतल्या एका वयस्कर माणसाजवळ बसा. नाव, गाव आणि साल विचारून घ्या आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. दोघांनी एकच गोष्ट वेगळी सांगितली, तर दोन्ही लिहा. आणि ते सर्वांना वाचता येईल असे ठेवा.